नीलकुडीतले एकशे आठ दिवे

त्यागराजमामांनी चष्मा कपाळावर सरकवला, टॅब नाकाजवळ धरला आणि पडद्यावरच्या राक्षसाला नीट न्याहाळून विचारलं, "ह्याचं तोंड कसं आहे?"

हरिणीला प्रश्नच कळला नाही. राक्षस त्या वेळी तिच्या नायिकेच्या मानेवर बसला होता आणि टॅब मामांच्या हातात होता.

"मामा, द्या ना इकडे! मी मरतेय!"

"मरशील. आधी सांग, चावणारं तोंड आहे की शोषणारं?"

टॅब परत मिळेपर्यंत नायिका मेली होती. खेळाच्या नियमाप्रमाणे एका मिनिटानं ती गावच्या विहिरीपाशी पुन्हा उभी राहिली, हातात तलवार, अंगावर तोच निळा झगा.

"शोषणारं," मामा म्हणाले. "चावलं असतं तर जखम दिसली असती. आणि तू मेलीस तरी काही बिघडत नाही, असं दिसतंय. मग ह्या खेळात काय गेलं तर बिघडतं?"

"घंटा," हरिणी म्हणाली.

मामा म्हणजे हरिणीच्या आईचे मामा; पण कुंभकोणमच्या त्या गल्लीत त्यांना सगळेच मामा म्हणत, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. चौतीस वर्षं ते रोज बसनं आडुतुरैला जात आणि तिथल्या भातसंशोधन केंद्रात किडी मोजत. लोक समजत, ते किडी मारतात. मामा प्रत्येकाला शांतपणे सांगत, "मारणारे वेगळे. मी मोजायचो." निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. आता ते चार वाजता भाचीकडे कॉफीला येत आणि डबऱ्यातली, म्हणजे पसरट पितळी वाटीतली, कॉफी संपेपर्यंत समोर जे काही हलत असेल ते पाहत. गेले काही महिने समोर हरिणीचा टॅब हलत होता.

तर घंटेची गोष्ट अशी. खेळात हरिणीनं आणि तिची मैत्रीण सौम्या हिनं मिळून एक गाव बांधलं होतं. दोन वर्षं लागली. तिरुनीलक्कुडीच्या देवळाला एकदा दोघी गेल्या होत्या, म्हणून गावाचं नाव नीलकुडी. गावाला पायऱ्यांचं तळं होतं, पाच मजल्यांचं गोपूर होतं, आणि फळा नसलेली शाळा होती. फळ्याबाबत दोघींचं पहिल्याच दिवशी एकमत झालं होतं. गोपुराच्या टोकाला घंटा होती. एरवीही रोज अंधार पडला की थोडेफार राक्षस यायचेच, पण दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता गावावर राक्षसांची लाट यायची. अशा सात लाटा. सातव्या लाटेत घंटा टिकली तर गाव कायमचं राहणार. पडली तर गाव पाटीवरच्या अक्षरांसारखं पुसलं जाणार. सहा लाटा होऊन गेल्या होत्या. सहाव्या लाटेत घंटेला तडा गेला होता आणि तिचे दोन दोर तुटले होते. तिसरा शिल्लक होता.

"गेलं तर दुसरं बांधा," मामा म्हणाले.

जून महिन्यात सौम्याच्या वडिलांची कोइंबतूरला बदली झाली होती. दोघी सुरुवातीला फोनवर बोलून पाहायच्या. जेवलीस का? हो. तू? हो. पुढं काही सुचायचं नाही, कारण समोरासमोर बसून नुसतं बोलायची दोघींना कधी सवयच नव्हती. नीलकुडीत मात्र एकीनं भिंत रचावी, दुसरीनं दगड आणावेत, आणि कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बोलावं. तेही घरच्या, तंजावरकडच्या जुन्या मराठीत. शाळेत सगळं तमिळ. सौम्या गेल्यापासून घराबाहेर हरिणीच्या वयाचं मराठी बोलणारं कुंभकोणमात तिला कुणी उरलं नव्हतं. नवं गाव बांधायला पुन्हा दोन वर्षं लागणार, आणि कोइंबतूरच्या शाळेत सौम्याला नव्या मैत्रिणी मिळायला दोन वर्षं लागणार नव्हती.

हे सगळं मामांना सांगायचं कसं? हरिणी एवढंच म्हणाली, "गाव गेलं तर सौम्या येणार कुठे?"

मामांनी कॉफी संपवली. डबरा खाली ठेवला.

"आज सोमवार. सहा दिवस आहेत. वही आण. रेघांची."

वहीत मामांनी पट्टीनं पाच रकाने आखले. नाव. तोंड. कधी येतो. काय खातो. आणि पाचवा: ह्याला कोण खातं.

"राक्षसांना कोण खाणार, मामा?"

"तेच विचारतोय."

नावांची अडचण नव्हती. खेळातली इंग्रजी नावं लांबलचक होती, म्हणून मुलींनी आपली ठेवली होती. चपटे, गोल, कडेला कुरकुरीत पंख असलेले उडते राक्षस म्हणजे पापड. कॉफीच्या फिल्टरसारखा थेंबाथेंबानं रक्त शोषणारा तो फिल्टर. शिंगं रोखून भिंतीवर येणारा, वाटेत कुणासाठी न थांबणारा, तो टाउनबस. शिवाय कोळी होते. म्हशीएवढे, आठ लाल डोळ्यांचे, गोपुराच्या कोपऱ्यात जाळी विणून बसणारे. ते अंगावर येत नसत, पण एक मारला की पाच गुण मिळत, म्हणून दोघी रोज खेळ सुरू करताना झाडलोट केल्यासारखे आधी कोळी मारत.

"सगळ्यात जास्त नुकसान कोण करतं?" मामांनी विचारलं.

"टाउनबस! भिंतच पाडतो."

"मोजलंस?"

"दिसतंच ना!"

"दिसतं ते मोठं असतं म्हणून दिसतं. चल, पाहणी करू. गावाच्या ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं चालायचं. दर वीस पावलांनी थांबायचं. तिथं जे असेल ते मोजायचं. आवडेल तिथं थांबायचं नाही, वीस म्हणजे वीस."

"आणि तलवार?"

"म्यानात. पाठीवर फवारा घेऊन शेतात गेलेला माणूस मोजत नाही."

अशा रीतीनं सोमवारी संध्याकाळी राक्षसांच्या राज्यातली एक शूर योद्धी तलवार म्यानात घालून, दर वीस पावलांनी थांबत, आपल्याच गावातून तिरकी चालत गेली. वाटेत ती दोनदा मेली. मामांनी वहीत तशी नोंद केली आणि विहिरीपासून पुन्हा पहिल्या पावलाला सुरुवात करायला लावली.

मंगळवारी सौम्या चिडली. हेडफोनमधून तिचा आवाज मामांनाही ऐकू आला.

"हरिणी, वेड लागलंय का तुला? दोन दिवसांत एक गुण वाढलेला नाही. खेळातल्या पलीकडच्या गावातली पोरं विचारतायत, तुमच्या गावात सेन्सस चालू आहे का म्हणून!"

मामा माइककडे वाकून लाडानं म्हणाले, "कन्ना, तुझ्या बाजूला किती?"

"किती काय?"

"पापड."

"मी नाही मोजत! मी मारते."

"मग किती मारलेस?"

"पुष्कळ," ती म्हणाली.

"पुष्कळ," मामांनी वहीत लिहिलं. त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि ते माइकला दाखवलं, जणू तिला दिसणारच होतं.

बुधवारपर्यंत सौम्याही मोजू लागली होती, मुख्यतः त्या प्रश्नचिन्हाच्या रागानं. कोळी मारायला मात्र मामांनी बंदी घातली. कारण बुधवारच्या पाहणीत हरिणी एका जाळ्यापाशी खेळातली एक अख्खी संध्याकाळ नुसती उभी राहिली होती, आणि पाचव्या रकान्यात पहिल्यांदाच काही लिहिलं गेलं होतं: एक कोळी, एका संध्याकाळी, अकरा पापड.

"खोटं," सौम्या म्हणाली. "जाळ्यात अडकले असतील. खाल्ले कशावरून?"

"अकरा होते, मग नव्हते."

"दोन वर्षं आपण कोळी मारतोय, हरिणी. तू मला सांगतेस की आपण आपलेच वॉचमन मारत होतो?"

"मी काही सांगत नाही. वहीत आहे."

गुरुवारी मामांनी दहा थांब्यांचे आकडे एकाखाली एक मांडले आणि वही हरिणीपुढे सरकवली. ते स्वतः काही बोलले नाहीत. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही शिकाऊ पोराला उत्तर सांगितलं नव्हतं. वही सरकवायची आणि वाट पाहायची. काही पोरांची त्यांनी दोन-दोन दिवस वाट पाहिली होती.

पहिलं घर, पापड चाळीस. दुसरं, अडतीस. देऊळ, मोजता येईनात. चौथं, एक्केचाळीस. सातवं घर, शून्य.

"सातवं घर कुणाचं?" थोड्या वेळानं हरिणीनंच हेडफोनमध्ये विचारलं.

"माझं," सौम्या म्हणाली. "अर्धवट आहे ते. दार बसवलंय, पण अजून दिवा नाही लाव..."

दोघी एकदमच थांबल्या.

दिवे ही नीलकुडीची शान होती. शाळेची सहल नाचियार्कोविलला गेली होती तेव्हा दोघींनी पितळी दिवे ओतताना पाहिले होते, आणि परत आल्यावर महिनाभर खपून खेळातल्या गावाला तसेच दिवे केले होते. दर उंबऱ्यावर एक, देवळाभोवती रांगेनं, एकूण एकशे आठ. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवायचं नसतं, हे दोघींना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पलीकडच्या गावातली पोरं मशाली फक्त तटावर लावत. त्यांना दोघी हसायच्या.

"पापड दिव्याला येतात," हरिणी हळूच म्हणाली. "आपणच बोलावतो त्यांना. सगळे पापड गोपुराभोवती गोळा होतात, आपण त्यांच्याशी लढत बसतो, आणि तेवढ्यात टाउनबसला मोकळं रान."

"हं," मामा म्हणाले. बाराखडी येऊ लागलेल्या मुलाकडे पाहावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मग?"

"मग दिवे घालवायचे."

स्वयंपाकघरातून हरिणीची आई भुवनेश्वरी हात पुसत बाहेर आली. "काय घालवायचं?"

"गावातले दिवे, अम्मा. रविवारी पाचला."

"तिन्हीसांजेला? गावातले सगळे?"

"खेळातली तिन्हीसांज आहे, अम्मा."

"कशी घालवणार?"

हरिणीनं नायिकेला एका दिव्यापाशी नेलं आणि दाखवलं. खेळात दिवा विझवायची एकच रीत होती. नायिका खाली वाकली, तिनं गाल फुगवले आणि ओठांचा चंबू केला. पुढचं बटण हरिणीच्या अंगठ्याखाली होतं.

"तोंडानं?" भुवनेश्वरी म्हणाली.

अंगठा खाली गेला नाही. त्या घरात दिवा घालवायचा म्हणजे फुलाच्या देठानं वात मागं सरकवायची, आणि तेव्हाही 'विझवला' म्हणायचं नाही. हरिणीनं अकरा वर्षांत एकदाही तोंडानं दिवा फुंकला नव्हता. वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्तीसुद्धा ती हातानं वारा घालून घालवत असे, आणि त्याला तीन-चार मिनिटं लागत.

"सौम्या, तू फुंक," ती म्हणाली.

"मी? इथं आमची आजी बसलीये माझ्या शेजारी!"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा विज्ञानाचे माणूस. मामांनी रिकाम्या डबऱ्यात पाहिलं.

"आमच्या केंद्रात प्रकाशसापळा होता," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी लावायचा, सकाळी घालवायचा. बटण होतं त्याला." त्यांनी डबरा फिरवून पाहिला. "फुंकावं लागत नव्हतं."

शास्त्र तिथं थांबलं. पडद्यावर नायिका गाल फुगवून तशीच वाकून राहिली होती.

"मामा, सापळा म्हणजे कसा?" हरिणीनं विचारलं.

"शेताच्या कडेला एक खांब. खांबाला दिवा."

"शेताच्या आत नाही?"

"आत कशाला? किडी शेतातून बाहेर यायला हव्यात."

"आणि मग? दिव्याला आल्या की मारायच्या?"

"मी कुणाला मारलं नाही, सांगितलं ना. दिव्याखाली काय असेल, तूच सांग."

हरिणी विचार करू लागली. घरातल्या समईखाली ताट असतं, तेल सांडू नये म्हणून. पावसाळ्यात त्या ताटात सकाळी पंखांचे किडे पडलेले असतात. गेल्या वर्षी एकदा ताटात पाणी राहून गेलं होतं, तेव्हा...

"पाणी," ती म्हणाली. "पसरट भांड्यात पाणी. गरगरतात, पडतात, पंख भिजले की उडता येत नाही." आणि मग एकदम मोठ्यानं, "सौम्या! आपलं तळं गावकुसाबाहेर आहे!"

"मग?"

"दिवे घालवायचेच नाहीत. उचलून न्यायचे. तराफे करू. तेप्पम्!"

तळ्यात तराफ्यावर दिवे लावून देव फिरवायचा उत्सव त्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सौम्या तिकडे किंचाळली. भुवनेश्वरीनं क्षणभर विचार केला. दिवे तेवत राहणार होते, तेही पाण्यावर, तेही रांगेनं. हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण अगदीच काही न म्हणता आत जाणं तिला बरं वाटेना.

"देवापुढचा एक राहू दे," ती म्हणाली. "गोपुरातला. गाव म्हणजे गाव आहे, एक तरी दिवा हवा."

"एक दिवा म्हणजे चाळीस पापड," मामा म्हणाले.

"असू देत. पाहुणे समजा."

मामांनी वहीत लिहिलं: गोपूर, दिवा एक, पाहुणे चाळीस.

एकशे सात दिवे. एका फेरीत एकीला दोनच उचलता येत, तेही दोन्ही हातांत धरून, म्हणजे तलवारीला हात मोकळा नाही. गुरुवार उरलेला, शुक्रवारची अख्खी संध्याकाळ, शनिवार अर्धा. शनिवारी अभ्यंगाचं तेल डोक्याला लावून हरिणी टॅबपुढे बसली आणि आईनं तीन हाका मारल्या तेव्हा न्हायला उठली. गप्पांना मात्र सुकाळ होता. सौम्याच्या नव्या वर्गात त्रिपुरसुंदरी नावाची एक मुलगी होती, ती डब्यात रोज लिंबूभात आणते आणि कुणाला देत नाही. कोइंबतूरचं पाणी गोड आहे, पण कॉफीत काही अर्थ नाही. तिथल्या एका शेजारणीनं सौम्याची मराठी ऐकून विचारलं होतं की तुम्ही जुन्या नाटकात काम करता का. हरिणी हसता हसता दोन दिव्यांसकट तळ्यात पडली.

रविवारी पावणेपाच वाजता सगळे जमले. मामा खुर्चीत, भुवनेश्वरी दारात.

"राहूकाळ चालू आहे," ती म्हणाली.

"त्यांनाही चालू आहे," मामा म्हणाले.

पाच वाजता नीलकुडीत अंधार पडला. गावातली सगळी दारं काळी होती. असं गाव हरिणीनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. पण गावकुसाबाहेर तळ्यावर नऊ तराफे तेवत होते आणि पाण्यात तेवढेच पुन्हा दिसत होते.

लाट आली. आधी पापड. आभाळ भरून आले, गावावर एकदा घिरटी घातली आणि वळले. जवळजवळ सगळे तळ्याकडे वळले. गरगरले, एकमेकांवर आपटले, आणि ताटात पडावेत तसे पाण्यात पडू लागले.

"अय्यो," सौम्या म्हणाली.

"बघत राहू नका," मामा म्हणाले. "मोठ्या तोंडाचे येतील आता."

टाउनबस आले. आज पहिल्यांदाच दोघींचे हात त्यांच्यासाठी मोकळे होते. पश्चिमेचा तट पडला. शाळेची अर्धी इमारत गेली. त्याचं फारसं दुःख कुणी केलं नाही. फिल्टर सौम्याच्या पाठीवर बसला, हरिणीनं तो उपटून काढला. दोघी लढत लढत मागे सरकल्या, गोपुराच्या पायऱ्यांवर आल्या, वर चढल्या. वर घंटा एका दोरावर लटकत होती. तिच्याखाली तो एक दिवा.

आणि दिव्याभोवती पाहुणे. चाळीस पापड दिव्यासाठी एकमेकांना ढकलत होते, आणि उरलेल्या दोराला त्यांच्या कुरकुरीत पंखांची धार लागत होती. एक पीळ तुटला.

"हरिणी, दोर!"

हरिणी तलवार उपसून धावली. तेवढ्यात वरच्या अंधारातून आठ लाल डोळे खाली उतरले. चार दिवस न मारलेला, चांगला पोसलेला कोळी. दोराच्या अगदी जवळ.

"मार त्याला! हरिणी, मार!" सौम्या ओरडली. "तो दोरावर चढतोय!"

दोन वर्षांची सवय हरिणीच्या अंगठ्यात होती. एका वारात कोळी मेला असता, पाच गुण. दोराचा दुसरा पीळ तुटला. तिनं मामांकडे पाहिलं. मामा काही सांगणार नव्हते. त्यांनी मांडीवरची वही फक्त तिच्या बाजूला थोडीशी फिरवली होती. पाचवा रकाना.

हरिणीनं अंगठा उचलला. तलवार म्यानात घातली.

"हरिणी!"

"मोजलंय मी," ती म्हणाली. "थांब."

कोळी तिच्या खांद्यावरून पाय टाकून पलीकडे गेला. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा आणि चौथा. ते दिव्यापाशी पंगतीला बसल्यासारखे बसले. घाई केली नाही. पंखांचा आवाज कमी कमी होत गेला आणि मग आलाच नाही. घंटा एका दोराच्या एका पिळावर, हळूहळू झुलत होती. झुलता झुलता ती एकदा वाजली.

पडद्यावर सोनेरी अक्षरं आली: तुमचं गाव आता कायमचं आहे.

मग सौम्यानं विचारलं, "आता काय करायचं? संपला ना खेळ?"

लाटा संपल्या. दिवे वाहायचे संपले. पुन्हा जेवलीस का, हो, तू, हो.

मामांनी वहीचं नवं पान उलटलं आणि पट्टी ठेवून रेघ मारली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती, मामा?"

"तळ्यात. पडलेले. सापळा लावला की सकाळी मोजायचं असतं. मोजलं नाही तर लावला कशाला?"

"ते शेकडो आहेत मामा!"

"पुष्कळ लिहू?"

"नको," हेडफोनमधून सौम्या घाईनं म्हणाली. "हरिणी, तू पायऱ्यांकडून मोज. मी देवळाच्या बाजूनं येते. मधे भेटू."

भुवनेश्वरी आत गेली, देवापुढे समई लावली, आणि कॉफीचं पाणी ठेवलं. कॉफी झाली, ती मामांनी संपवली, डबरा खाली ठेवला. मुली तळ्याच्या दोन्ही कडांनी हळूहळू पुढे सरकत होत्या आणि मधेच त्रिपुरसुंदरीच्या लिंबूभाताची गोष्ट चालली होती.

"माझे सहाशे बारा," शेवटी सौम्या म्हणाली.

"माझे पाचशे नव्वद. पण तो मधला मी धरलाय."

"कुठला मधला? तराफ्याला चिकटलेला? तो मीही धरलाय."

मामांनी पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

"पुन्हा," ते म्हणाले.